भिंतीची पत्रिका

पूर्वी घर घेताना माणसं साधे प्रश्न विचारायची. कार्पेट किती, पाणी रोज येतं का, पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी, व्याज स्थिर की बदलतं. भाड्यानं राहणारा अनामत किती आणि अकरा महिन्यांनी बाहेर तर काढणार नाही ना, एवढं विचारून मोकळा व्हायचा. आता ते दिवस गेले. आता दलाल कुलूप उघडायच्या आधीच सांगतो, "भिंत वाचलेली आहे हं!" आणि घेणारा लग्नाच्या मुलीची मागावी तशी आधी भिंतीची पत्रिका मागतो, मग स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे ते बघतो.

शोध तसा चांगल्या कामासाठी लागला होता, हे सांगायला हवं. जुन्या लेण्यांतली रंगीत चित्रं माणसांच्या श्वासानं आणि दिव्यांच्या धुरानं खराब होतात, ती नेमकी कशी ते बघायला काही शास्त्रज्ञांनी एक यंत्र बनवलं. भिंतीचा गिलावा दिसायला घट्ट, पण आतून बारीक बारीक छिद्रांनी भरलेला असतो. आपण खोलीत श्वास सोडतो, घाम गाळतो, फोडणी देतो, औषध घेतो. त्यातले हवेत उडणारे रेणू तरंगत भिंतीपर्यंत जातात आणि त्या छिद्रांत बसून राहतात. वरून रंगाचा नवा हात मारला की ते खाली कोंडले जातात. यंत्र लेसरचा किरण टाकून एकेक थर किंचित तापवतं, सुटलेला वायू ओढून घेतं आणि कुठला रेणू किती आहे ते मोजतं. मधुमेह वाढलेल्या माणसाच्या श्वासातला ॲसिटोन, अंथरुणात झालेल्या लघवीचा अमोनिया, कंपवाताच्या रोग्याच्या कातडीवरच्या तेलाचा तो विशिष्ट वास, सगळं त्याला कळतं. नुसत्या रेणूंवरून गोष्ट कळत नाही, म्हणून हजारो घरांच्या भिंती वाचून आणि तिथे काय घडलं होतं ते घरच्यांना विचारून यंत्राला शिकवून शहाणं केलं. लोक त्याला 'नाक' म्हणू लागले.

लेण्यांतली चित्रं राहिली बाजूला, नाक शिरलं लोकांच्या घरांत. झालं असं, की आपण जिथे पलंग टाकणार त्याच कोपऱ्यात कुणीतरी वर्षभर कण्हत पडलं होतं, हे कळलं की माणसाला किळस येते. पूर्वी कळत नव्हतं म्हणून येत नव्हती. किळस आली की घराचा भाव पडतो आणि भाव पडला की कर्ज देणाऱ्या बँकेच्या पोटात गोळा येतो. म्हणून बँकांनी करारात कलम घातलं: दरवर्षी नाक येणार, भिंत वाचणार, उत्तम, मध्यम की कनिष्ठ ते ठरवणार आणि त्याप्रमाणे व्याज वर-खाली होणार. गहाण टाकलेल्या वस्तूची तब्येत बघितली तर काय बिघडलं, असं बँक म्हणाली. लोकांनी माना डोलावल्या आणि सह्या केल्या. शिकलेले, चांगले चार बुकं वाचलेले लोक!

केतकी शेवाळे त्यातलीच एक. नाशिकला पाथर्डी फाट्यापाशी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, हृषीकेशनं, घर घेतलं तेव्हा भिंत उत्तम निघाली होती. आधीचं जोडपं दिवसभर कामावर, जेवण डब्याचं. त्या घरात कुणी जगल्याची खूणच नव्हती म्हणा ना. केतकीनं माहेरी फोन करकरून सांगितलं होतं, "आई, आमची भिंत उत्तम!" पुढे ते आठवलं की तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

घराचा पहिला भरणा तात्यांच्या फंडातून झाला होता. तात्या म्हणजे हृषीकेशचे वडील. ओझरच्या कारखान्यात फिटर होते. बायको आधीच गेलेली. "मला एकट्याला काय करायचेत एवढे?" म्हणाले आणि निवृत्तीचं सगळं मुलाच्या हातात ठेवून सिन्नरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. तिथे त्यांना कंपवात धरला. हात थरथरू लागले, मग पाऊल अडखळू लागलं, मग लघवीवरचा ताबा सुटायला लागला. एक दिवस घरमालकानं हृषीकेशला फोन केला.

"शेवाळेसाहेब, तात्या देवमाणूस आहेत, पण करार पुढे नाही करता येणार. म्हाताऱ्या भाडेकरूनं भिंत उतरते. उद्या मला दुसरा भाडेकरू कोण देणार?"

तात्या एक ट्रंक आणि औषधांची पिशवी घेऊन पाथर्डी फाट्यावर आले. केतकीनं मागची खोली झाडून घडीचा पलंग लावून दिला. तिचं तात्यांशी चांगलं जमायचं. ते तिला भाजी निवडून द्यायचे, थरथरत्या हातांनी मेथीची एक जुडी निवडायला सगळी सकाळ लावायचे आणि वर म्हणायचे, "घाई नाही ना गं? संध्याकाळी करशील." ती हसायची. दोन-चार महिने बरे गेले.

मग नाक आलं. मागच्या खोलीची भिंत उत्तमवरून मध्यमवर घसरली, व्याज चढलं आणि हृषीकेशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते गेलंच.

"अजून दोनदा असं झालं तर हप्ता झेपायचा नाही," तो म्हणाला. "घर जाईल, केतकी. कळतंय का तुला?"

"कळतंय. पण ते तुझे वडील आहेत."

"मी कुठे नाही म्हणतोय? मी फक्त भिंतीबद्दल बोलतोय."

आणि खरंच, त्यानंतर तो भिंतीबद्दलच बोलायला लागला. तात्यांची औषधं संपली का हे त्यानं कधी विचारलं नाही, पण संध्याकाळी ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी मागच्या खोलीत जायचा आणि भिंतीला नाक लावून उभा राहायचा. पलंगाच्या तिन्ही बाजूंनी त्यानं प्लॅस्टिकचा कागद चिकटवला. तात्या कूस बदलायचे तर तो कागद रात्रभर चुरचुरायचा. उन्हाळ्यात त्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात तात्या घामानं निथळायचे. केतकीनं एकदा तो कागद ओढून काढला, तर हृषीकेशनं दुसऱ्या दिवशी जाडजूड आणून लावला.

"अगं राहू दे," तात्याच म्हणाले. "गाड्यावर भाजी झाकतात तसं झाकलंय मला. ताजा राहीन."

केतकीला हसू आलं नाही. तिला वाटलं, वास तात्यांच्या खोलीत नाहीच. या घरात दुसरंच काहीतरी कुजतंय, आणि ते हुंगायला नाकाला जमत नाही.

हे एकट्या याच घरात होतं असं समजू नका. सोसायटीत घरोघरी हेच चाललं होतं. कुणी सासूला बाल्कनीत झोपवत होतं, कुणी आजारी भावाला गाडीत बसवून एसी लावून ठेवत होतं. बायका लिफ्टमध्ये एकमेकींना उपाय सांगायच्या, पूर्वी लोणच्याच्या कृती सांगायच्या तितक्या सहज. त्यातलाच एक उपाय हृषीकेशच्या हाती लागला. धूप, कापूर आणि तिळाच्या तेलाचा अखंड दिवा. म्हणे यानं वास मुळापासून कापला जातो. झालं! तात्यांच्या उशापाशी समई लागली, ती दिवसरात्र तेवायला लागली. सकाळ-संध्याकाळ कापूर जळायचा. तात्या खोकून खोकून बेजार व्हायचे.

"अरे, मी अजून आहे रे बाबा," ते एकदा म्हणाले. "उशाशी दिवा कशाला लावतोस?"

"हवा शुद्ध होते, तात्या."

पुढच्या वाचनाची तारीख जवळ आली तेव्हा हृषीकेशनं तात्यांचा पलंग उचलून हॉलमधल्या खिडकीशी आणला, मागच्या खोलीची फरशी फिनेलनं धुतली आणि दार-खिडक्या सताड उघड्या टाकल्या. त्याच रविवारी तो केतकीला म्हणाला, "चल, एक जागा बघून येऊ."

त्र्यंबक रस्त्यावर एक 'निवांत निवास' निघाला होता. आजारी म्हाताऱ्यांसाठी. बाहेर गुलाबांचे ताटवे, आत शिरलं की भिंती सगळ्या स्टीलच्या. पत्र्याला छिद्रं नसतात, तो काही शोषत नाही, रोज पाण्याचा फवारा मारला की लख्ख. मालक मोठ्या अभिमानानं सांगत होता, "आमच्याकडे कुणी किती वर्षं राहिलं तरी मागे काही उरत नाही." खोल्यांत म्हातारे बसले होते, समोरच्या चकचकीत भिंतीत स्वतःचंच वाकडंतिकडं तोंड बघत. दुधाच्या डेअरीतल्या टाक्यांसारख्या त्या खोल्या. एक आजी केतकीचा पदर धरून विचारत होत्या, "आमचा बाळू आला का गं?" हृषीकेश तेव्हा मालकाला विचारत होता, "लगेच भरती करता येईल ना?"

गाडीत बसल्यावर केतकी म्हणाली, "तात्या तिथे जाणार नाहीत."

"नाक काय म्हणतं ते बघू. भिंत मध्यमवर टिकली तर राहू देत. कनिष्ठ झाली तर मग मी काय करणार, सांग ना! मी काय मुद्दाम करतोय?"

म्हणजे सगळं त्या एका वाचनावर येऊन ठेपलं. तात्या घरात राहणार की पत्र्याच्या खोलीत जाणार, ते एक डबडं भिंत हुंगून ठरवणार होतं. आणि केतकी? ती मूग गिळून बसली. वाचन चांगलं निघावं म्हणून तिनंही मागच्या खोलीत कापूर जाळला. शी! कुणाला सांगायचं हे?

वाचनाच्या दिवशी सकाळी हृषीकेशनं तात्यांना तळमजल्यावर लोखंडेकाकूंकडे नेऊन बसवलं. काकूंचं कर्ज केव्हाच फिटलेलं, त्यामुळे त्यांच्या भिंतीला कुणी विचारत नव्हतं. त्या घरात खुशाल तळायच्या, खोकायच्या आणि नातवाची दुपटी वाळत घालायच्या. तात्यांचा पलंग घडी करून गॅलरीत गेला, औषधं कपाटात गेली, तात्यांचा फोटोसुद्धा हृषीकेशनं उचलून ठेवला. का, ते त्यालाच ठाऊक.

बँकेचा माणूस आला. बोराडे त्याचं नाव. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. त्यानं पेटीतून नाक काढलं, दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखं, आणि मागच्या खोलीत भिंतीवरून सावकाश फिरवलं. यंत्र घुरघुरत होतं. हृषीकेश दाराशी नखं खात उभा. बऱ्याच वेळानं बोराडेनं हातातल्या टॅबच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यानं सावरून उभं राहत हात जोडले.

"सॉरी सर. मला कल्पना नव्हती. कधी गेले?"

हृषीकेशला कळेना. केतकीला तर मुळीच नाही.

"म्हणजे?" हृषीकेशनं विचारलं.

"नोंद स्पष्ट आहे ना. दीर्घ आजार, कंपवात. मग तिळाच्या तेलाचा अखंड दिवा, कापूर, धूप. मग फरशी धुतलेली आणि खोली रिकामी. ताज्या थरात श्वासच नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर जे करतात ते सगळं क्रमानं आहे. यंत्र इथे चुकत नाही. वडील होते?"

केतकी तोंड उघडणार तेवढ्यात बोराडे पुढे म्हणाला, "एका परीनं तुमच्यासाठी बरंच आहे, सर. म्हणजे, गैरसमज नको. पण आजारी माणूस घरात राहत असेल तर भिंत दरवर्षी उतरत जाते. मृत्यू म्हणजे एकदाच उतरते आणि विषय संपतो. गिलावा बदलला की तुम्ही परत उत्तम. व्याजही खाली येईल."

ऐकलंत? जिवंत म्हातारा म्हणजे चालू खर्च आणि मेलेला म्हणजे एकदाच. हे त्या पोरानं इतक्या गोड आवाजात सांगितलं, की जणू दसऱ्याची सवलत सांगतोय.

"दाखला वगैरे लागेल?" हृषीकेशनं विचारलं.

"नाही सर. माणसं खोटं बोलतात, भिंत बोलत नाही. बँक भिंतीचं ऐकते. तुमची फक्त मान्यता हवी. कधी गेले म्हणालात?"

हृषीकेशनं एकदा खिडकीबाहेर पाहिलं.

"महिना झाला," तो म्हणाला.

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सकाळी तिनंच करून दिलेले पोहे खाऊन, देवाला नमस्कार करून बसलेला हा माणूस. तिला त्याचं तोंड बघवेना. आणि तरी तिच्या घशातून आवाज फुटला नाही, हे तिला त्याहून घाण वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात लोखंडेकाकू, त्यांच्या दंडाला धरून तात्या.

"अगं, ऐकतच नाहीत बघ हे," काकू म्हणाल्या. "संडास दाखवला तर म्हणाले परक्याच्या घरी नको. घरीच जातो. सांभाळा गं बाई, आणलंय धरधरून." आणि त्या जिन्यावरून परत गेल्या.

तात्या आत आले. पाय घासत, भिंतीला हात लावत.

"हे कोण?" बोराडेनं विचारलं.

हृषीकेश घाईघाईनं म्हणाला, "काका. माझे काका आहेत. गावाहून भेटायला आलेत."

तात्या थांबले. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग बोराडेच्या हातातल्या यंत्राकडे. आयुष्यभर यंत्रांशी खेळलेला माणूस तो. काय चाललंय ते त्यांना उमगायला वेळ लागला नाही. त्यांची मान हलत होती, ती आजारानं की कशानं, केतकीला कळेना.

"हो," तात्या म्हणाले. "मी ह्याचा काका. ह्याचा बाप गेला. चांगला माणूस होता."

"तात्या!" केतकी ओरडली.

"तू गप गं पोरी. घर आहे ते," तात्या म्हणाले. "साहेब, काय लिहायचं ते लिहून घ्या लवकर. मी उद्या जाणार आहे."

बोराडेचं समाधान झालं. त्यानं पडदा हृषीकेशपुढे धरला, हृषीकेशनं अंगठा टेकवला. मग तो केतकीकडे वळला. "मॅडम, कर्ज दोघांच्या नावावर आहे. तुमचाही अंगठा लागेल. इथे लिहिलंय, सदर खोलीतील रहिवाशाचं निधन झालं असून घरात आता अन्य आजारी व्यक्ती नाही."

तात्या संडासाकडे निघाले होते. फार वेळ धरून ठेवलं होतं बिचाऱ्यांनी. चार पावलं राहिली आणि त्यांचा पाय अडखळला. त्यांनी भिंतीला दोन्ही हात टेकले आणि तिथेच त्यांचा ताबा सुटला. धोतर भिजलं, धार पायांवरून फरशीवर आली, भिंतीवर शिंतोडे उडाले. तात्या डोळे मिटून उभे राहिले. बोराडेनं रुमाल काढून नाकाला लावला.

हृषीकेश धावला. केतकीला क्षणभर बरं वाटलं. हातात फडकं घेऊन तो वडिलांपाशी गुडघ्यावर बसला.

आणि त्यानं आधी भिंत पुसली.

खालपासून वरपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यांतून, घासून घासून पुसली. "सरका, सरका जरा," तो वडिलांना म्हणत होता. तात्या ओल्या धोतरानं बाजूला सरकायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं.

केतकीला भडभडून आलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग काढला. बोराडेच्या हातातला पडदा तिनं बाजूला सारला, इतका जोरात की तो पडता पडता वाचला. तात्यांपाशी जाऊन तिनं त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. हात थंडगार होता.

"केतकी, अंगठा दे आधी," हृषीकेश खालूनच म्हणाला. फडकं अजून भिंतीवरच होतं. "एक मिनिटाचं काम आहे. घर जाईल गं."

"जाऊ दे," केतकी म्हणाली. "जित्या माणसाचं सुतक मी धरायची नाही."

तिनं तात्यांना एकेक पाऊल टाकत न्हाणीघरात नेलं, स्टुलावर बसवलं, गरम पाण्याचा नळ सोडला. तात्या रडत होते. "कशाला गं असं केलंस? माझ्या पोराचं घर..." ती खाली बसून त्यांचे पाय धुऊ लागली.

बाहेर बोराडे चुळबुळत होता. शेवटी तो दाराशी आला आणि रुमालाआडून म्हणाला, "मॅडम, मला नोंद बंद करायची आहे. मग काय लिहू?"

"लिहा, सासरे जिवंत आहेत," केतकी आतून म्हणाली. "मेलेलं माणूस लघवी करत नाही."

बोराडेनं ते जसंच्या तसं लिहिलं की नाही, कुणास ठाऊक. तो पेटी उचलून निघून गेला. केतकीनं तात्यांच्या पायांवर आणखी एक तांब्या ओतला आणि साबण घेतला.